घारीच्या वजनाचं विमान

यवतमाळच्या आकाशात उन्हाळाभर घिरट्या घालणारी घार साधारण पाऊण किलोची असते. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आतबाहेर भरते. या पुस्तकात जे ग्लायडर बांधायचं आहे, त्याचं वजन रेडिओ, बॅटरी, सर्व्हो असं सगळं धरून ७५० ते ८५० ग्रॅम आणि पंखांचा पसारा दोन मीटर. म्हणजे वजन घारीएवढंच आणि पंख तिच्याहून हातभर जास्त. घार अडचणीत आली तर पंख मारते. आपल्या ग्लायडरला तीही सोय नाही. ते सुटलं की सुटल्या क्षणापासून खालीच येत असतं. त्याला वर नेऊ शकते ती फक्त वर जाणारी हवा, आणि ती आमच्या जिल्ह्यात वर्षातले निदान पाच महिने फुकट मिळते. हे पुस्तक लिहायला एवढं निमित्त पुरे झालं.

रिमोटचं विमान म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नातला ड्रोन येतो. ड्रोनशी माझं भांडण नाही. पण चार पंखे आणि पोटातला संगणक मिळून त्याला हवेत असा धरून ठेवतात की उडवणाऱ्याला हवेचा पत्ताच लागत नाही. वारा आला तर यंत्र परस्पर निस्तरतं. ग्लायडरचं उलट आहे. त्यात हवा हेच इंधन, त्यामुळे ती कुठे चढते, कुठे पडते, कुठे नुसती पडून आहे हे उडवणाऱ्याला ओळखावं लागतं. ही ओळख पटवण्याचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे हळू उडणारं, हलकं, लाकडी, जुन्या धाटणीचं ग्लायडर. कार्बनच्या साच्यातून निघालेली आजची स्पर्धेची ग्लायडरं सुंदर असतात, पण नवशिक्याला हवेची कुजबुज ऐकू येण्याआधीच ती अर्धं वावर ओलांडून गेलेली असतात.

म्हणून मी ‘जेंटल लेडी’ निवडलं. शिकागोचे कार्ल गोल्डबर्ग हे नाव विमानांची मॉडेलं बांधणाऱ्यांना १९३० च्या दशकापासून माहीत होतं. त्यांचं ‘झिपर’ हे इंजिनाचं मुक्त उडणारं मॉडेल त्या काळी गाजलं होतं. पुढे त्यांच्या नावाची कंपनी निघाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने हे दोन मीटरचं, दोन चॅनलचं किट बाजारात आणलं. एक चॅनल शेपटीच्या उभ्या पंखाला, एक आडव्याला. मुख्य पंखांवर हलणारा भागच नाही. पंख मधून दोन्हीकडे थोडे उचललेले आणि टोकाशी आणखी उचललेले, त्यामुळे एका कुशीवर गेलेलं ग्लायडर काठी सोडली की आपसूक सरळ होतं. जर्मनीच्या ग्राउपनर कंपनीचं ‘अमिगो’, अमेरिकेत ली रेनॉ यांची ‘ऑलिंपिक’ मालिका ही याच पंगतीतली. एका पिढीने यांच्यावर हात साफ केला. मग फोमची तयार विमानं आली, चीनमधून स्वस्तात आली, आणि लाकडी किटांचे कारखाने एकेक करत आटोपले. आता या ग्लायडरांचे नकाशे हौशी लोकांत फिरतात, कुठे कुठे लेझरने कापलेल्या फासळ्या मिळतात, आणि क्वचित कुणाच्या तरी माळ्यावर मूळ डबा सापडतो. माझ्याकडचा डबा एका आप्ताने अमेरिकेतून परतताना बॅगेत कपड्यांच्या घडीत आणला. तो उघडला तेव्हा रबर बँड हात लावताच तुटले, स्टिकर पिवळे पडलेले होते, आणि बाल्साचा वास मात्र कालच रंधा मारल्यासारखा ताजा होता.

डब्यात काय असतं ते सांगतो, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हिरमोड होतो. विमान नसतंच. एक मोठा घडीचा नकाशा असतो, खऱ्या मापाचा. काही चौकोनी काड्या असतात. आणि काही पातळ फळ्या, ज्यांवर फासळ्यांचे आकार साच्याने दाबून कापलेले असतात. त्या काळी किटं लेझरने कापत नसत. लोखंडी पट्ट्यांचा साचा फळीवर दाबत. साचा नवा असेपर्यंत काप स्वच्छ येई, बोथट झाला की लाकूड कापलं जाण्याऐवजी चेंगरत असे. अशी फासळी बोटाने ढकलून काढायला गेलं की शेपटीकडचा निमुळता भाग फळीतच राहतो आणि उरलेलं हातात येतं. यावर उपाय आहे. फळी उलटी करायची, पाठीवरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, काप उजेडात दिसू लागला की नव्या ब्लेडच्या टोकाने उरलेले धागे एकेक करत सोडवायचे. एका पंखाच्या फासळ्या सोडवायला अख्खी संध्याकाळ जाते. सगळ्या फासळ्या एकत्र धरून, त्यांतून दोन टाचण्या आरपार घालून, त्यांची पाठ एकदम घासून घ्यायची. प्रत्येक फासळी वेगळी घासली तर प्रत्येकीचा आकार वेगळा होतो आणि पंखावर हवा अडखळत जाते. हे काम करताना लाकूड कळू लागतं. कुठली पट्टी वाकते आणि परत येते, कुठली वाकली की कायमची वाकडी राहते, कुठली उजव्या पंखात घातली तर डाव्या पंखापेक्षा दोन ग्रॅम जास्त भरेल, हे बोटांना आपोआप समजतं.

बाल्साबद्दल एक गोष्ट यवतमाळकरांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हे झाड इक्वेडोरच्या ओल्या जंगलातलं, झपाट्याने वाढणारं, पाण्याने फुगलेल्या मोठ्या पेशींचं. वाळलं की आत हवाच उरते. मॉडेलांसाठी वापरतात त्या बाल्साचं घनमीटरला वजन १०० ते १६० किलो. आपल्या सागाचं ६५० च्या आसपास. पण वनस्पतिशास्त्रात बाल्सा ज्या कुळात बसतो त्याच मालव्हेसी कुळात आपली कपाशी बसते. भेंडी तीच, अंबाडी तीच, आणि फाल्गुनात लालभडक फुलणारी काटेसावर तर बाल्साची अगदी जवळची. बाल्साच्या बोंडातूनही सावरीसारखाच रेशमी कापूस निघतो. ज्या जिल्ह्याची अर्थव्यवस्था एका झुडपावर उभी आहे, त्याच झुडपाच्या चुलतभावातून विमानाचा सांगाडा उभा राहतो.

सांगाडाच नव्हे, त्यावरची कातडीसुद्धा. जुन्या पद्धतीत फासळ्यांवर पातळ कागद किंवा रेशीम चिकटवून त्यावर ‘डोप’ नावाचा द्रव फिरवत. तो वाळताना आक्रसतो आणि कागद ढोलाच्या पानासारखा ताणला जातो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या कापडी पंखांनाही याच प्रकारचे लेप देत. हा डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि त्याचं मूळ कापसात आहे. जिनिंगमधून रुई निघून गेल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवून तो बनवतात. परदेशातून डोपचा डबा मागवायची काही गरज नाही. फर्निचरला पॉलिश करणारे जो ‘एनसी सँडिंग सीलर’ वापरतात तो याच घराण्यातला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यात एनसी थिनर घालून पाण्यासारखा पातळ करायचा आणि एरंडेलाचे दोन-चार थेंब टाकायचे, नाहीतर लेप कडक होऊन पुढच्या उन्हाळ्यात तडकतो. वाफा ज्वालाग्राही असतात, म्हणून खोलीत नाही, अंगणात, आणि विडीवाल्या शेजाऱ्याला लांब बसवून. कागदासाठी संक्रांतीच्या पतंगाचा ताव चालतो. घट्ट विणीचा बघून घ्यावा आणि त्याचा उभा धागा पंखाच्या लांबीत ठेवावा.

इथे स्थानिक लाकडाचा मोह होतो. सागाचा अभिमान आपल्याला आहेच, पण फासळीच्या जागी साग घालू नये. ग्लायडरचा पाट होईल. बांबू मात्र सोन्यासारखा. टोपल्या-सुपं विणणारा कारागीर बांबूची जी कांब काढून देतो, तिच्याइतकी सरळ, चिवट आणि सारख्या जाडीची पट्टी कुठल्याही किटात मिळत नाही. पंखाच्या टोकाची कमान आणि नाकाखालची घसरपट्टी मी बांबूचीच करायला सांगितली आहे. मूळ नकाशात ती नाही. पण गोल्डबर्ग यांच्या लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ होती. आमच्याकडे उतरायला पऱ्हाटीचे खुंट असतात.

आता हवा. या पुस्तकाचा अर्धा भाग मी हवेवर खर्च केला आहे आणि त्याबद्दल तक्रार येईल याची मला कल्पना आहे. बांधणीत रमणाऱ्याला हवेचा धडा कंटाळवाणा वाटतो. पण काळ्या मातीच्या मुलखात राहून तिच्यावरची हवा न शिकणं हा करंटेपणा आहे.

वखरलेलं काळं वावर ऊन शोषून घेतं. शेजारी संत्र्याचा बगीचा असेल किंवा तलाव असेल तर तिथली हवा थंड राहते. वावराला चिकटलेली हवा तापते, फुगते, हलकी होते आणि काही वेळ तशीच दबा धरून बसते. मग कशाचं तरी निमित्त होतं. धुऱ्यावरची बाभळींची रांग, वाऱ्याची झुळूक, जाणारा ट्रॅक्टर. ती जमीन सोडते आणि खांबासारखी वर चढू लागते. तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी थंड हवा आत धावते. तुम्ही जवळ उभे असाल तर पायांना गार झुळूक लागते आणि तिची दिशा नेहमीच्या वाऱ्याहून वेगळी असते. त्याच दिशेला खांब आहे असं समजा. वावटळ उठली तर प्रश्नच नाही, खांब डोळ्यांनी दिसतो. पण त्या वावटळीत ग्लायडर घालू नका. सावरीची बोंडं फुटतात त्या दिवसांत कापूस कुठे उचलला जातोय ते पाहा. रुईच्या म्हाताऱ्या कुठे खाली येतात आणि कुठे वर जातात ते पाहा. आणि सगळ्यात आधी घार पाहा. ती पंख न हलवता गोल फिरत असेल तर तिने शोध लावलेला आहे, तुम्ही फक्त तिच्या खाली जाऊन तेवढ्याच व्यासाचं वर्तुळ सुरू करा. ती सहसा हाकलून देत नाही.

हे आपल्याकडे कुणी नीट लिहून ठेवलं नव्हतं असं समजू नका. आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचे इंग्रज जंतुशास्त्रज्ञ होते. गंगेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे १८९६ साली लिहिणारे तेच. त्यांना घारी-गिधाडांचं वेड लागलं. वर्षानुवर्षं निरीक्षण करून त्यांनी १९१३ साली ‘ॲनिमल फ्लाइट’ हे पुस्तक छापलं. सूर्य वर येतो तशी हवा टप्प्याटप्प्याने ‘तरंगण्याजोगी’ होते, आधी हलक्या अंगाची घार पंख न हलवता फिरू लागते आणि जड गिधाडाला आणखी थांबावं लागतं, हे त्यांनी रोजच्या नोंदींतून दाखवलं. युरोपात ग्लायडरवाले लोक तापलेल्या हवेचे हे खांब जाणूनबुजून वापरायला लागले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. हँकिन यांची नोंद मला यासाठी महत्त्वाची वाटते की ती आपल्याच उन्हातली आहे. इंग्रजी पुस्तकांतली हवा मवाळ असते. तिथे दुपारी बारा-एकला उडवा असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे एप्रिलच्या मध्यावर बारा वाजता जी हवा असते ती ग्लायडरला उचलत नाही, उधळते. शिकणाऱ्याने सकाळी नऊ ते अकरा ही वेळ धरावी. तेव्हा घार नुकतीच तरंगू लागलेली असते आणि आपलं ग्लायडर तिच्याच वजनाचं आहे.

उन्हाची आणखी एक खोडी. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच. त्यात पारा ४४ वर गेला की हवा पुस्तकी प्रमाणापेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. पंखांना तेवढाच भार पेलायला जास्त वेगाने धावावं लागतं. जेंटल लेडीचा पंख साधारण ४३ चौरस डेसिमीटरचा, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला १८-१९ ग्रॅम भार. माणूस बसतो त्या ग्लायडरांत हाच आकडा ३०० च्या घरात असतो. इतक्या हलक्या पंखाला दहा-वीस ग्रॅमने फारसं बिघडत नाही, पण गोंद ओतून आणि रंग थापून १,१०० ग्रॅमवर नेलेलं ग्लायडर मेच्या हवेत दगडासारखं उतरतं. म्हणून वजनाची वही ठेवायला सांगितली आहे. ती टाळू नका.

माणूस बसणाऱ्या ग्लायडरांचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या हडपसरचं ग्लायडिंग सेंटर सांगायला हवं. नागरी विमानवाहतूक खात्याचं हे केंद्र. तिथे विंचने दोर ओढून ग्लायडर वर सोडतात. स्वातंत्र्यानंतर याच खात्याच्या अभियंत्यांनी स्वतःची लाकडी ग्लायडरं रेखली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली, तीही पंचांगाच्या क्रमाने. अश्विनी, भरणी, मग कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. दोघांनी शेजारी-शेजारी बसायची रोहिणी १९६१ साली उडाली. आमच्याकडचा शेतकरी ही नावं वेगळ्या हिशेबाने घेतो. रोहिणी लागली की नवतपा, मृग लागला की सरकी टोबायची, आर्द्रात दुबार पेरणीची धास्ती. खात्यातल्या कुणाच्या डोक्यात पेरणी असेल असं नाही, पण मला ती यादी वाचताना आमचं वावरच दिसतं.

ग्लायडर वर न्यायचं कसं हा पुढचा प्रश्न. विंचची चैन आपल्याला नको. जमिनीत खुंटी ठोकायची, तिला तीसेक मीटर लवचीक रबरी नळी, नळीला शंभर-सव्वाशे मीटर नायलॉनची दोरी, दोरीच्या टोकाला छोटी कापडी छत्री आणि एक कडी. ग्लायडरच्या पोटाखाली गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे एक हूक असतो, त्यात कडी अडकवायची आणि वाऱ्याकडे तोंड करून मागे मागे चालत जायचं. ताण किती द्यायचा हे अंदाजाने ठरवू नका, वजन करायचा स्प्रिंगचा काटा लावा. तीन किलोच्या आसपास आला की पुरे. मग नाक जरा वर, पंख सपाट, आणि भाल्यासारखं सरळ सोडायचं. रबर ओढतं, ग्लायडर पतंगासारखं उभं चढतं, पंख किंचित वाकतात आणि जुन्या गोंदाच्या एखाद्या सांध्यातून ‘टक’ असा आवाज येतो. तो ऐकून छातीत धस्स होतं. दोर डोक्यावर आला की ओढ संपते, कडी आपोआप सुटते, छत्री उघडून दोर खाली येऊ लागतो आणि वर अचानक शांतता पसरते. बघायला आलेला माणूस हमखास याच क्षणी विचारतो, “याले इंजन नाही का जी?” त्याला उत्तर देण्याच्या नादात ग्लायडरवरची नजर काढू नका. आणि रबरी नळी उन्हात टाकून घरी जाऊ नका. ऊन तिला दोन हंगामांत खाऊन टाकतं. शंखजिऱ्याची पूड लावून बंद डब्यात ठेवली तर बरीच वर्षं टिकते.

रेडिओचं प्रकरण मी थोडक्यात आटोपलं आहे. जुन्या किटात जुनाच रेडिओ हवा असा एक पंथ आहे. त्यांना २७ मेगाहर्ट्झचे संच, लांब अँटेना आणि तिच्यावरची रंगीत फीत यांची भूल पडलेली असते. एकाच क्रिस्टलचे दोन संच एकाच मैदानावर चालू झाले की दोन्ही विमानं जमिनीत, हे त्या रोमान्सचं दुसरं टोक. मी सरळ २.४ गिगाहर्ट्झचा साधा संच सुचवला आहे. विमान जुनं असावं, जीव टांगणीला लावणारं तंत्र जुनं असण्याची गरज नाही.

कायद्याचं प्रकरण कुणी चुकवू नये. ‘ड्रोन नियम २०२१’ मध्ये शिक्षण, संशोधन आणि छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. पण आकाशाची मर्यादा सगळ्यांना सारखी: हरित क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. भारी गावाजवळच्या धावपट्टीच्या आसपास राहणाऱ्यांनी आधी ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून पाहावा. यातून एक मजेशीर पेच होतो. दोर सुटतो तेव्हाच ग्लायडर शंभर मीटरच्या जवळ असतं. सेकंदाला दोन मीटर चढवणारा साधा खांब मिळाला तरी दहा सेकंदांत मर्यादा गाठली जाते. पाश्चात्त्य पुस्तकं खांबात शिरायचं कसं हे शिकवतात. आपल्याला खांबातून वेळेवर बाहेर पडायचं कसं हेही तितकंच शिकावं लागतं. त्यासाठी वेगळं प्रकरण लिहिलं आहे. माझ्या मते हे बंधन शिकणाऱ्याच्या हिताचंच आहे, कारण तीनशे मीटरवर दोन मीटरचं ग्लायडर कुठल्या कुशीवर आहे हे कळत नाही आणि वारा त्याला बघता बघता पुढच्या तालुक्याच्या दिशेने घेऊन जातो.

जिल्ह्यात उडण्याचं वेड नाही असं कुणी म्हणू नये. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने आपल्या हाताने हेलिकॉप्टर उभं केलं होतं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना पातं लागून तो गेला. त्याचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या हिमतीबद्दल लिहिलं गेलं, हळहळ झाली. मला राहून राहून वाटतं ते एवढंच की त्याच्या आवाक्यात चुका करायला लहान जागा नव्हती. राइट बंधूंनी १९०० साली आपलं पहिलं ग्लायडर बहुतेक वेळ माणसाविना पतंगासारखंच उडवून पाहिलं. पात्यावर किती ताण येतो, थरथर कुठे सुरू होते, वजन चार बोटं मागे गेलं तर काय होतं, हे पाऊण किलोच्या लाकडात शिकता येतं आणि त्यात मोडतात त्या फक्त फासळ्या. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे आणि २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडणारे अमोल यादव हे स्वतः वैमानिक होते, हे त्यांचं कौतुक करताना आपण विसरतो. आणि हो, शिवकर बापूजी तळपदे यांचं १८९५ चं विमान या पुस्तकात नाही. ज्याच्या जोरावर ती कहाणी सांगितली जाते त्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासून लिहिलं आहे. भाषणात टाळ्या घ्यायच्या असतील तर तो विषय चांगला. फासळी घासायला त्याचा उपयोग नाही.

हे पुस्तक कुणासाठी? एनसीसीच्या हवाई विभागातल्या ज्या मुलांना आठवड्यातून एकदा एरोमॉडेलिंग दाखवतात आणि मग शिबिर संपतं, त्यांच्यासाठी. आयटीआयच्या सुतारकामाच्या मुलांसाठी, ज्यांच्या हातात आधीच कसब आहे. तान्ह्या पोळ्याला मुलांसाठी लाकडी नंदी घडवणाऱ्या कारागिरांसाठीही. पाय चार आणि चाकं चार जुळवणाऱ्याला दोन पंख जुळवणं अवघड नाही. आणि निवृत्त माणसांसाठी, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि घरात एक खोली मुलगा पुण्याला गेल्यामुळे रिकामी असते. भाषा मुद्दाम घरची ठेवली आहे. सर्व्हो, हूक, स्पार हे शब्द तसेच राहू दिले. दुकानदाराला तेच कळतात.

आता वेळापत्रक, कारण घाईत बांधलेली ग्लायडरं मी कपाटांवर धूळ खात पडलेली पाहतो. पोळा झाला की नकाशा टेबलावर पसरा. बाहेर पाऊस असतो, वावरात पीक उभं असतं, उडवायला जागाच नसते. सांगाडा बांधायला हाच काळ. मात्र पावसाळ्यात डोप लावायचा नाही. दमट हवेत थिनर उडताना लेपात बाष्प अडकतं आणि पृष्ठभाग पांढुरका पडतो. शिवाय ओला ताण एका बाजूला जास्त बसला की पंख पिळवटतो. सांगाडा उभा न ठेवता सपाट फळीवर आडवा ठेवा आणि दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कागद आणि डोप. पंखाची खालची बाजू गडद करा, लाल किंवा काळी. उन्हाळ्यातलं आकाश पांढरंफेक असतं आणि त्यात पिवळं ग्लायडर विरघळतं. वरची बाजू मात्र फिकट ठेवा, नाहीतर गाडीच्या डिकीत दहा मिनिटांत सांधे सुटतील. संक्रांतीच्या सुमारास गुरुत्वमध्य तपासा, पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण तिसऱ्या हिश्शावर दोन बोटांवर ते सपाट तोललं गेलं पाहिजे. नाक हलकं असेल तर शिसं घाला, शेपूट कापू नका. फेब्रुवारीत वेचणी आटोपून पऱ्हाटी उपटली की वावराच्या मालकाला विचारा. तो नाही म्हणत नाही, फक्त बोअरची पाइपलाइन कुठून गेली आहे तेवढं आधी दाखवून घ्या, खुंटी तिच्यावर ठोकली जाऊ नये. पहिल्या दिवशी रबर घरीच ठेवा. उतरत्या बांधावरून हाताने सोडायचं, वीस-तीस पावलं सरळ गेलं पाहिजे. नाक वर करून थबकत असेल तर पुढे थोडं वजन, डोकं खाली घालत असेल तर आडव्या शेपटीखाली कागदाची एक घडी. हे कसं ओळखायचं ते सातव्या प्रकरणात आकृत्यांसह दिलं आहे, आणि ते प्रकरण सुटं काढून खिशात नेता यावं म्हणून वेगळं शिवून घेतलं आहे.